मूठमातीची जाडी

भूकर्ण यंत्राने तिसरा ठोका दिला तेव्हा कब्रस्तानाच्या भिंतीवर पेंगत बसलेला बोका उठून निघून गेला. माणसं मात्र हलली नाहीत. माळंगी गावाच्या माळावर, लिंबाच्या सावलीत पंधरा-वीस जण उभे होते, आणि नीलांबिका बिडवेच्या हातातल्या यंत्राच्या पडद्याकडे डॉक्टरच्या तोंडाकडे बघावं तसे बघत होते.

यंत्र दिसायला अगदीच किरकोळ होतं. तीन पायांची घडवंची आणि मध्ये वरवंट्याएवढा लोखंडी ठोकळा. हा ठोकळा जमिनीवर आपटायचा आणि पायांत बसवलेले कान ऐकायचे. माती, मुरूम, कातळ, प्रत्येकातून ठोक्याचा आवाज वेगळ्या वेगाने जातो, आणि एक थर संपून दुसरा सुरू होतो तिथून थोडा माघारी फिरतो. त्या माघारी फिरलेल्या आवाजांवरून यंत्र जमिनीचा उभा काप पडद्यावर रंगवून दाखवायचं. शिवाय पायांतून विजेची सौम्य लहर सोडून ओल कुठे आहे आणि कोरडं कुठे, तेही सांगायचं. पूर्वी एवढं कळायला खड्डा खणावा लागायचा, आणि लोकांच्या आईबापांवर खड्डे खणायला सरकार धजत नव्हतं. भूकर्ण आल्यावर ती अडचण संपली आणि लगेच कायदा आला. सरकारला एखादी गोष्ट मोजता यायला लागली की तिच्यावर नियम करण्याचा मोह आवरत नाही.

कायद्यामागचं कारण मात्र खोटं नव्हतं. ओळीने दुष्काळ पडून विंधनविहिरी आटल्या, तेव्हापासून पावसाळ्यात धरणातलं जादा पाणी जमिनीखालच्या भेगाळ खडकात भरून ठेवायची पद्धत सुरू झाली होती. अख्खा तालुका आता त्या एकाच सामाईक साठ्यातून पाणी पीत होता. वर जे पुरलं जाईल त्याचा अंश खाली उतरू नये, म्हणून मध्ये मातीची भरपूर जाड गाळणी हवी. नियम एका वाक्याचा होता. दफनभूमीत भूपृष्ठापासून दोन मीटरच्या आत कातळ किंवा भेगाळ मुरूम लागता कामा नये.

आता भूपृष्ठ म्हणजे कोणतं? आज ज्याच्यावर पाय टेकतो ते, की वर माणसांनी भर टाकण्याआधी जे होतं ते? नियम करणाऱ्या समितीत म्हणे यावर दोन गट पडले होते. भांडण मिटेना, तेव्हा दोघांनाही चालेल असा शब्द लिहिला आणि मंडळी जेवायला गेली. यंत्राला काही जेवायला जाता येत नाही. त्यामुळे प्रत्येक ठिकाणी ते अधिकाऱ्याला विचारायचं, शून्यरेषा कुठे धरू? मग पडद्यावर एक पांढरी रेघ यायची. ती बोटाने वर किंवा खाली ओढायची. एवढं एक काम माणसासाठी शिल्लक ठेवलं होतं.

"काय म्हणायलंय मशीन?" मैनुचाचांनी विचारलं.

मैनोद्दीन मणियार हे गावातले बांगड्यावाले. त्यांची बायको हाजराबी हिने नीलांबिकाच्या हातात पाळण्यातल्या काळ्या मण्यांपासून लग्नातल्या हिरव्या चुड्यापर्यंत सगळं भरलेलं होतं. नीलांबिका याच गावची. लिंगायतांच्या सिद्रामप्पांची मुलगी, माती शिकायला बाहेर गेली आणि जिल्ह्याची मृदा अधिकारी होऊन परत आली.

"चाचा, वरचा हा तपकिरी पट्टा बघा. ही सगळी भर आहे. मूळ जमीन इथून खाली सुरू होते. तिथून मोजलं तर दोन मीटर भरत नाहीत."

"भर म्हंजे?"

"बाहेरून आणून टाकलेली माती."

"टाकलेली न्हाई बेटी. आणून दिलेली. तुझ्या आज्जानं दिलेली बी हाय ह्यात."

ते खरं होतं. माळंगीचा माळ खडेरी. ती खडेरी माती मेलेल्या माणसाच्या अंगावर ढकलायची नाही, असा गावाचा जुना रिवाज होता. म्हणून मयतीला येणारा घरटी एक पाटी माती आपल्या शेतातून घेऊन यायचा. म्हणायची मूठमाती, पण आणायची पाटीभर. भिंतीच्या अलीकडे मुसलमानांचं कब्रस्तान, पलीकडे लिंगायतांची रुद्रभूमी, आणि पाट्या दोन्हीकडे सगळ्यांच्या. पिढ्यान्‌पिढ्या अशा पाट्या रित्या होऊन दोन्ही जागा आजूबाजूच्या माळापेक्षा गुडघाभर उंच झाल्या होत्या.

"माझं काही नाही चाचा, नियमच आहे. मूळ पृष्ठापासून मोजायचं."

नियमात असं काहीही नव्हतं. पण कडक धरलं तर वरून कोणी विचारत नाही आणि सैल धरलं तर चौकशी लागते, हे नोकरीत मुरलेल्या कोणालाही समजतं. तिने पांढरी रेघ खाली ओढली. पडदा लाल झाला.

मैनुचाचांनी वाद घातला नाही. "तू शिकलेली हायस, तुला कळतंय," एवढं म्हणून त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. त्यांच्या त्या विश्वासाने नीलांबिकाला तेव्हा बरंच वाटलं.

*

हाजराबी त्याच हिवाळ्यात गेली.

गावातलं कब्रस्तान त्या लाल पडद्यानंतर बंद झालं होतं. तिला तालुक्याच्या संयुक्त दफनकेंद्रात नेलं. तिथे सिमेंटच्या लांबट पेट्या ओळीने जमिनीत बसवलेल्या असतात. पेटीत धुतलेली वाळू, आणि वाळूत देह लवकर मातीला मिळवणारे खास जंतू. सगळं स्वच्छ, नंबरवार. नीलांबिकाला त्या दिवशी जिल्ह्याला बैठक होती. बैठक टाळता आली असती. तिने टाळली नाही.

रविवारी ती गावी आली तेव्हा अप्पा ओसरीवर बसले होते. सिद्रामप्पांनी जन्मभर सरकी-पेंडीचं दुकान चालवलं. आता दुकान धाकटा मुलगा बसलिंग बघायचा आणि अप्पांना चार पावलं चाललं की दम लागायचा. त्यांच्या पुढ्यात रुमालाची एक गाठोडी होती.

"हे काय अप्पा?"

"हाजराबीची मूठमाती. पाटी काय उचलंना मला, म्हणून रुमालात नेली. तितं गेटावरच अडवलं. बाहेरची माती चालत न्हाई म्हणले."

"अप्पा, तिथल्या वाळूत जंतू वाढवलेले असतात. बाहेरची माती मिसळली की ते बिघडतात."

"असंल. पण मी काय घाण नेली नव्हती गं. मळईची नेली होती, नदीकडंची. आपल्या रानात तेवढी एकच चांगली हाय." त्यांनी गाठोडीवर हात ठेवला. "आता ही परत रानात टाकू का? दिलेली माती माघारी घेत नसतेत. कुठं ठेवू सांग."

अप्पा भिंतीला धरून उठले आणि त्यांनी गाठोडी देवळीत ठेवली, विभूतीच्या डबीशेजारी. मग पाठमोरेच म्हणाले, "आपल्या रुद्रभूमीचं माप कवा हाय?"

"बघू. होईल."

"शेजारीच हाय. भिंतच तेवढी मधी."

एवढंच बोलले. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही, आणि तिनेही नाही. सरकारी नोकरीत काम करणं अवघड असतं, लांबवणं फार सोपं. रुद्रभूमीच्या तपासणीची तारीख तिने एकदा ढकलली, मग आणखी एकदा. भिंतीपलीकडची जमीन काय सांगणार, हे तिला यंत्र न लावताच माहीत होतं. आई आधीच रुद्रभूमीत होती, आणि अप्पांना तिच्याशेजारी बसायचं आहे हेही माहीत होतं. बसायचंच, कारण लिंगायतांत गेलेल्या माणसाला आडवं करत नाहीत. मांडी घालून, तळहातावर इष्टलिंग ठेवून, बसता समाधी देतात. तालुक्याच्या त्या लांबट पेट्यांत बसायची सोय नव्हती.

*

अप्पा गेले ते सकाळी, दूध पिऊन पेला खाली ठेवता ठेवता.

नीलांबिका पोचली तेव्हा त्यांना भिंतीशी बसवलेलं होतं, कपाळावर भस्म, गळ्यात फुलांचा हार. विधी करणारे जंगम आले होते. बायका रडत होत्या. बसलिंगने तिला हाताला धरून बाजूला घेतलं.

"अक्का, ग्रामपंचायत खड्डा खणू देईना. दाखला मागायलेत."

"माप झालेलं नाही बसू."

"मग कर की. तुझ्याच तर हातात हाय." त्याचे डोळे सुजलेले होते. "का तिकडं नेऊन आडवं करणारेस अप्पांना? मांडी सोडवायची त्यांची?"

ती गाडीतून भूकर्ण घेऊन एकटीच माळावर गेली. ऊन चढलं होतं. आईच्या समाधीपासून दोन हातांवर तिने घडवंची उभी केली. ठोका. ठोका. ठोका. पडद्यावर काप उमटत गेला, आणि तो भिंतीपलीकडच्या कापाचा सख्खा भाऊ होता. वर तोच तपकिरी पट्टा, खाली तीच खडेरी जमीन, त्याच खोलीवर तोच भेगाळ मुरूम. तळाशी पांढरी रेघ लुकलुकत राहिली. शून्यरेषा कुठे धरू?

तिने रेघ वर ओढली. अगदी वर, गवताच्या मुळांपर्यंत.

पडदा हिरवा झाला. कारण द्या, असं यंत्राने म्हटलं. तिने सांगितलं, 'वरचा थर जुना असून स्थिरावलेला आहे.' हे तिने तपासलेलं नव्हतं. बोलताना आवाज मात्र अजिबात कापला नाही, आणि याचीच तिला पुढे सगळ्यात जास्त लाज वाटली. हातांनी रेघ ओढली ती बापावरच्या मायेने, असं म्हणता आलं असतं. पण ते वाक्य सुचलं ते सवयीने.

दुपारी अप्पांचं विमान निघालं. सजवलेल्या खुर्चीत बसून अप्पा गावातून गेले, दुकानावरून, शाळेवरून. समाधीत उतरवलं, मांडी नीट केली, तळहातावर लिंग ठेवलं, बेल वाहिला. मग पाट्या रित्या व्हायला लागल्या. काळी, तांबूस, राखाडी, ज्याच्या त्याच्या रानातली.

मैनुचाचा खांद्यावर पाटी घेऊन आले होते. पंच्याहत्तरीचा माणूस, मुलगा मागून "अब्बा, मी घेतो" म्हणत होता, त्याला त्यांनी पाटीला हात लावू दिला नाही. माती ओतून झाल्यावर ते हात झटकत नीलांबिकापाशी आले.

"बरं झालं बेटी. सिद्रामला आपली जागा गावली."

तिने मान हलवली. तिला वाटत होतं की त्यांनी आता बोलावं. काहीतरी लागेल असं बोलावं, चारचौघांत बोलावं. चाचांनी एकदा भिंतीकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि अगदी सरळ मनाने विचारलं, "नवं मशीन आलंय का गं?"

त्या माणसाने तिच्यासाठी वाट काढून ठेवली होती. नीलांबिका खोटं वागेल असं त्यांच्या मनातच आलं नव्हतं. यंत्र बदललं असेल, असं त्यांनी धरलं होतं.

"हो चाचा," ती म्हणाली.

"तरीच," ते म्हणाले. "चांगलं हाय. थोडं आधी यायला पायजे होतं." आणि पाटी उचलून निघून गेले.

*

तेराव्यापर्यंत नीलांबिका माहेरीच राहिली. सांत्वनाला येणारी माणसं म्हणत, अप्पा भाग्यवान, लेक हाताशी आली. प्रत्येक वेळी तिचे कान गरम व्हायचे. देवळीत विभूतीच्या डबीशेजारी ती गाठोडी तशीच होती. दिवसातून दहादा तिची नजर तिकडे जायची आणि दहादा ती दुसरीकडे वळवायची. मैनुचाचा रोज संध्याकाळी येऊन ओसरीवर घटकाभर बसत. ती चहा आणून द्यायची आणि आत निघून जायची. बाप गेल्याचं दुःख करायला बसलं की त्या दुःखातून ती ओढलेली रेघच डोकं वर काढायची. तिला नीट रडतादेखील येईना. खरं सांगायचं तर तिला स्वतःची किळस आली होती.

तेरावं उरकल्यावर तिने बसलिंगला सांगितलं. दुकानात, सरकीच्या पोत्यांमध्ये.

"मी दाखला रद्द करतेय."

बसलिंगने तराजूतलं माप खाली ठेवलं. "वेड लागलं का तुला?"

"कब्रस्तानाला मी खालची रेघ धरली, बसू. आपल्याला वरची. जमीन तीच आहे."

"मग?"

"मग दोन्हीकडे एकच धरायला हवी."

"दाखला रद्द झाला तर नवं दफन महिन्यात हलवावं लागतंय. मला बी वाचता येतं अक्का. अप्पांना उकरून काढणारेस?" त्याचा आवाज चढला. "तुला हरिश्चंद्र व्हायचं होतं तर हाजराबीच्या टायमाला व्हायचं होतंस. तवा झाली न्हाईस. आता आमच्या बापाच्या जिवावर कशाला व्हायलीस?"

त्याचं खरं होतं. ती एवढंच म्हणाली, "माझाही बापच होता."

"न्हाई दिसत तसं," बसलिंग म्हणाला आणि पाठ फिरवून पोती मोजायला लागला.

वरिष्ठांना तिने फोन केला. झालेलं सगळं सांगितलं. मग साहेबांनी जपून विचारलं, "मॅडम, कोणी तक्रार केलीय का?"

"नाही."

"मग अडचण काय आहे?"

तिने चौकशी लावा म्हणून सांगितलं, आणि दोन्ही जागांची मिठाची चाचणी करायची परवानगी मागितली. ही चाचणी तिने पहिल्याच दिवशी करायला हवी होती. वेळ जातो म्हणून कोणीच करत नसे.

मग ती ग्रामपंचायतीच्या पटांगणात उभी राहिली. दोन्हीकडची माणसं बोलावली होती. मैनुचाचा पुढेच खुर्चीवर बसले होते, काठीवर दोन्ही हात ठेवून. तिने बैठकांमध्ये पुष्कळ भाषणं केली होती. इथे तिला धड एक वाक्य जुळवता येईना.

"मशीन नवीन नाही," ती शेवटी म्हणाली. "तेच आहे. ते दोन्हीकडे सारखंच बोललं. रेघ मी ओढली. तिकडे खाली आणि इकडे वर. आणि मूळ पृष्ठापासून मोजायचा नियम आहे, हे मी तेव्हा खोटं सांगितलं. तसा नियम नव्हता."

मग मागून पद्मीनबाई मुलाणी नावाची बाई, बसल्या जागेवरूनच, शांतपणे म्हणाली, "म्हंजे आमची ती भर, आणि तुमची माती. असंच ना?"

"हो," नीलांबिका म्हणाली. "तसंच झालं."

मैनुचाचा उठले. ते काही बोलतील म्हणून सगळे थांबले. ते काठी टेकत टेकत पटांगणाबाहेर गेले, आणि त्यांच्या पावलांचा आवाज येईनासा होईतो तिला मान वर करता आली नाही.

*

मिठाची चाचणी कोणालाही समजेल अशी साधी आहे. खारट पाण्यातून वीज सहज वाहते, साध्या ओलीतून तेवढी वाहत नाही. जमिनीवर मिठाचं पाणी ओतायचं आणि भूकर्णाच्या विजेने त्याचा पाठलाग करायचा. मीठ सरळ खाली मुरमात उतरलं तर गाळणी फुटकी आहे. वरच्या मातीतच अडकून पसरलं तर गाळणी शाबूत आहे. भिंतीच्या दोन्ही बाजूंना तिने सारखंच पाणी ओतलं. आता नुसती वाट बघायची होती.

वाईट दिवस होते. अप्पांच्या समाधीभोवती खात्याची पिवळी पट्टी बांधलेली. बसलिंग तिच्याशी बोलत नव्हता. त्याची बायको फोन उचलायची आणि "ते बाहेर गेलेत" म्हणायची, आणि मागून त्याचा खोकला ऐकू यायचा. ऑफिसात चौकशी सुरू झाली. सहकारी सहानुभूतीने वागत, ते आणखी जड जायचं. रोज सकाळी नीलांबिका माळावर येऊन दोन्हीकडचे काप बघायची. मीठ खाली उतरलं तर बापाची मांडी तिला स्वतःच्या सहीने सोडवायला लागणार होती. नाही उतरलं, तर हाजराबीला विनाकारण गावाबाहेर काढलं असं सिद्ध होणार होतं. देवापाशी नक्की काय मागावं, तेही तिला ठरवता येईना.

मीठ उतरलं नाही.

दोन्ही बाजूंना ते गुडघाभर जाडीच्या त्या तपकिरी पट्ट्यात शिरलं, आडवं पसरलं आणि थांबलं. नीलांबिकाने हातभर खणून मूठभर माती काढली आणि भिंगाखाली धरली. भर म्हणजे सैल, निर्जीव ढीग, असं ती शिकली होती. हा ढीग नव्हता. मळईच्या चिकण काळ्या मातीने उंचावरच्या वरकड रानांतल्या रेताड मातीला धरून ठेवलं होतं. गांडुळांनी एकीची माती दुसरीत नेली होती, लिंबाच्या आणि बेलाच्या मुळांनी ती शिवून काढली होती. कुठली पाटी कोणाची, ते आता कोणालाही सांगता आलं नसतं. ती माती झाली होती, आणि बहुधा नीलांबिकाच्या जन्माच्या आधीच झाली होती. पहिल्या दिवशी एवढं वाकून बघितलं असतं तर पुरे होतं.

खात्याने सुधारणा काढली. स्थिरावलेली भर चाचणीत उतरली तर खोली आजच्या पृष्ठापासून मोजावी. माळंगीच्या दोन्ही जागा त्यात बसल्या. पिवळी पट्टी निघाली. नीलांबिकाला ताकीद मिळाली आणि तिची बढती थांबली. तिला ते फार थोडं वाटलं. संध्याकाळी बसलिंगचा फोन आला. त्याने दोन-तीनदा घसा खाकरला आणि म्हणाला, "जेवायला ये अक्का. शेंगाची पोळी केलीय."

*

देवळीतली गाठोडी घेऊन ती मणियारांच्या दुकानात गेली.

दुकान म्हणजे घराची पुढची खोली. हाजराबी बसायची ती गादी तशीच होती, भिंतीवर दांड्यांना काचेच्या बांगड्यांचे गजरे. मैनुचाचा चष्मा लावून फुटक्या बांगड्या निवडत होते. तिला बघून त्यांनी बस म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. ती उंबऱ्याच्या आत खाली बसली.

"चाचा, कब्रस्तान मोकळं झालं."

"पोरगा बोलला. चांगलं झालं. पोरांसाठी चांगलं झालं."

"तुम्ही... चाचींना परत आणायचं म्हणाल तर मी..."

"न्हाई." त्यांनी हात वर केला. "आमच्यात उकरत नसतेत. जितं ठेवलं तितं ठेवलं."

रस्त्यावरून एक बाई सायकल ढकलत गेली.

"एक काम कर बेटी," चाचा म्हणाले. "तालुक्याला तिच्या बाजूचा नंबर रिकामा हाय का बघ. माझ्या नावानं धरून ठेव."

नीलांबिकाला आधी समजलंच नाही. "पण चाचा, आता गावातच जागा झाली. इथे तुमची सगळी..."

"तेच की. इथं माझी आई हाय, बाप हाय, दोन भाऊ हायेत. एक लेकरू हाय. समदे एकमेकांपाशी हायेत." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "ती तितं एकटी हाय. तिला एकटीला झोप लागत न्हाई. कवाच लागली न्हाई."

नीलांबिकाला तोंड लपवायला जागा नव्हती. ती रडली. कितीतरी दिवसांनी नीट रडली, पदर तोंडात धरून. चाचांनी तिला थांबवलं नाही आणि जवळही घेतलं नाही. तिचं रडून होईपर्यंत ते फुटक्या बांगड्या निवडत राहिले.

मग तिने मनगटावरच्या फोनच्या पट्टीवरून केंद्राशी बोलून घेतलं. शेजारची पेटी रिकामी होती. तिने ती त्यांच्या नावावर केली.

"आणि हे," ती म्हणाली, आणि गाठोडी पुढे केली. "अप्पांनी चाचींसाठी नेलेली. गेटावर अडवली होती. परत टाकवेना म्हणून ठेवून गेले."

मैनुचाचांनी रुमाल मांडीवर घेऊन गाठ सोडली. माती वाळून ढेकळं झाली होती. एक ढेकूळ त्यांनी चिमटीत चुरलं, नाकाशी नेलं.

"मळईची," ते म्हणाले. "सिद्रामची मळई." त्यांनी बराच वेळ ती बोटांनी कुस्करली. मग म्हणाले, "मला तितं नेतील तवा तू गेटावर येशील? ही घेऊन. तू हापिसर हायस, तुला अडवणार न्हाईत. तिच्यावर अर्धी टाक, माझ्यावर अर्धी."

बाहेरची माती केंद्रात नेता येत नाही. त्या नियमाच्या वाक्यात मात्र कुठलीही पळवाट नव्हती. तो अगदी स्वच्छ शब्दांत लिहिलेला होता, आणि तो तिला पाठ होता. गेटावर काय होईल, आपली नोकरी तोपर्यंत राहील की जाईल, हे तिच्या मनात येऊन गेलं.

"हो चाचा," ती म्हणाली.

रुद्रभूमीतही ती हेच म्हणाली होती. म्हाताऱ्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं, चांगला वेळ घेऊन पाहिलं. या वेळचा हो खरा आहे की नाही, ते बघत असावेत. तिला नजर खाली घालावीशी वाटली. तिने घातली नाही. मग त्यांनी रुमालाची गाठ पुन्हा बांधली, घट्ट ओढली, आणि गाठोडी तिच्या ओंजळीत ठेवली.